‘शकेल’वर अडलेली बालवाडी

गेल्या महिन्यात या सदरात मी एक वाक्य लिहून गेले: तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण सरकारने कायद्याने अंगावर घेतल्याशिवाय अंगणवाडीताईच्या मानधनाचा पगार होणार नाही. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी रागावलेली आहेत. मला रागावलेली पत्रं आवडतात, माणूस त्यात आढेवेढे घेत नाही. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: १९८६ साली महिना २७५ रुपयांवर सेविका म्हणून लागले, पंधरा वर्षांनी सेविकांवर देखरेख करणारी मुख्यसेविका झाले, पंचवीस अंगणवाड्यांचं बीट फिरले आणि २०२२ मध्ये घरी बसले. आता पत्रं.

प्रश्न : मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. घरापासून पन्नास पावलांवर अंगणवाडी आहे, पण आमच्या इमारतीतली सगळी मुलं व्हॅनने इंग्रजी नर्सरीत जातात. ‘अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते’ असं सगळ्या म्हणतात. काय करू?
— एक आई, नाशिक

आधी जाऊन बसा. एक दिवस नाही, तीन दिवस, आणि न सांगता जा.

बसल्यावर भिंतीवरची चित्रं बघू नका, ती ठेकेदाराने काढलेली असतात. मुलं बोलतात की नुसती म्हणतात, ते ऐका. ताईंनी ‘एक’ म्हटलं की पोरं ‘एक’ ओरडतात, हे झालं म्हणणं. ‘बाई, माझ्या आजीची शेळी व्याली’ हे बोलणं. ताईंनी त्यावर ‘किती पिल्लं झाली? काळी की पांढरी?’ असं विचारलं, तर तिथे शाळा चालू आहे असं समजा. ताईंच्या हातात मोबाइल दिसेल. त्यावर लगेच नाक मुरडू नका. हजेरी, वजन, उंची, आहार सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर भरावं लागतं. फक्त तो मोबाइल किती वेळ हातात राहतो, ते मोजा.

आणि खेळणी कुठे आहेत ते बघा. कपाटाच्या वर पोत्यात बांधून ठेवलेली असतील तर त्यात थोडा दोष माझ्यासारखीचा आहे. मुख्यसेविका म्हणून भेटीला गेले की साहित्याच्या रजिस्टरशी खेळण्यांचा ताळा बघायचे. ठोकळा कमी, मणी कमी, की शेरा. कित्येक वर्षं मला वाटायचं मी चोख काम करते. मग एका ताईने तोंडावर सांगितलं, ‘बाई, तुमच्या भीतीने मी पोरांना हात लावू देत नाही.’ तिच्याकडे मुलं चिंचोके, झाकणं आणि काड्या घेऊन खेळत होती, आणि सरकारी ठोकळे नवेकोरे. त्यानंतर मी हरवलेल्या ठोकळ्याला शेरा देणं बंद केलं, आणि एकही ठोकळा हरवला नाही त्या ताईला कारण विचारायला लागले.

खिचडीची लाज कशाला? सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बाळाला अंगणवाडीतून आहार मिळणं हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, ते कुणाचे उपकार नाहीत. राहिली इंग्रजी नर्सरी. सव्वातीन वर्षांच्या बोटांना चार रेघांत एबीसीडी लिहायला लावणं म्हणजे कच्च्या भांड्यात पाणी भरणं. तिथेही जाऊन बसा. बसू देत नसतील, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

प्रश्न : मी १९ वर्षं सेविका आहे. सकाळी मुलं, दुपारी गृहभेटी, रात्री मोबाइलवर माहिती, निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम. माझ्या खोलीला लागून जिल्हा परिषदेची पहिली भरते. माझीच मुलं तिथे जातात. त्या सरांना पगार, मला १३ हजार मानधन. मध्ये एकच भिंत आहे. ती कोणी घातली?
— एक सेविका, बीड जिल्हा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. या भिंतीच्या विटा एकेक करून बघू.

आपल्या मूळ राज्यघटनेत, अनुच्छेद ४५ मध्ये, चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य दहा वर्षांत करील, असं लिहिलं होतं. कितव्या वर्षापासून, ते नव्हतं. म्हणजे तुमची तीन वर्षांची चिमी त्यात बसत होती. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण मूलभूत हक्क झालं, पण सहा ते चौदा या वयापुरतं. सहाच्या आतली मुलं मार्गदर्शक तत्त्वांत उरली, म्हणजे राज्याने प्रयत्न करावा, पण केला नाही म्हणून कुणी कोर्टात खेचू शकत नाही. ही पहिली वीट.

दुसरी वीट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. त्याचं कलम ११ खास तुमच्यासाठी आहे, पण फार कमी सेविकांनी ते वाचलंय. तीन वर्षांवरच्या मुलांना मोफत पूर्वप्राथमिक शिक्षण देण्यासाठी सरकार आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’, असं ते म्हणतं. पहिलीपासूनच्या मुलांसाठी त्याच कायद्यात भाषा आहे ‘करील’. जावई ‘येऊ शकेन’ म्हणाला तर कुणी पुरण शिजत घालत नाही. ‘येतोय’ म्हणाला की चूल पेटते. शेजारच्या सरांची चूल ‘करील’वर पेटलेली आहे, तुमची ‘शकेल’वर अडलीय.

मग तुम्ही काम करता ते कशाखाली? योजनेखाली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली की दवाखान्यात पाठवणं), आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा. शिकवणं हा सहातला एक वाटा. सेविका म्हणजे गावातली मानसेवी बाई, जिला तिच्या वेळेबद्दल मान म्हणून थोडं धन द्यायचं. ‘मानधन’ या शब्दातच सगळं आहे. दिवाळीला तुम्हाला मिळते ती दोन हजारांची रक्कमही ‘भाऊबीज भेट’ असते. मालक देतो तो बोनस, भाऊ घालतो ती ओवाळणी, आणि ओवाळणीवर बहीण हक्क सांगत नाही. सरकारी कागदावरचे शब्द उगाच पडत नाहीत.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगून टाकलं की सेविकेचं पद हे शासकीय नागरी पद नाही. पुढे सोळा वर्षं, पगाराचा विषय काढला की हा निकाल तोंडावर फेकला जायचा. मग २५ एप्रिल २०२२ ला गुजरातमधल्या सेविका-मदतनिसांच्या ग्रॅच्युइटीचा निकाल आला, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांचा. ग्रॅच्युइटी द्या, असं त्यांनी म्हटलं हे सगळ्यांना माहीत आहे. कशाच्या आधारावर म्हटलं, ते बघा. एक, अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीवर कायदेशीर कर्तव्यं टाकली आहेत, ती आता नुसती योजना राहिली नाही. दोन, अंगणवाडीत कलम ११ मध्ये सांगितलेलं पूर्वप्राथमिक शिक्षण दिलं जातं. म्हणजे तुमच्या एका हातातला खिचडीचा डाव आणि दुसऱ्या हातातलं चित्रांचं पुस्तक, दोन्ही न्यायालयाने वजनात धरले. त्या लुळ्या ‘शकेल’मधून एवढं निघालं, तर तिथे ‘करील’ असता तर काय झालं असतं?

आता पैशाचा हिशेब. तुमच्या १३ हजारांत केंद्राचा वाटा किती असेल, अंदाज करा. केंद्राने ठरवलेलं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये आहे आणि त्यातले ६० टक्के केंद्र देतं. म्हणजे २,७०० रुपये. उरलेले १०,३०० राज्याच्या तिजोरीतून. योजना दिल्लीची आणि मोर्चा आझाद मैदानावर, तो यामुळे. राज्यानेही आपणहून काही दिलेलं नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संप चालला, तेव्हा कुठे पुढच्या ऑक्टोबरपासून १० हजारांचे १३ हजार झाले. वर कामगिरीवर प्रोत्साहन भत्ता आहे म्हणतात, तो मी धरत नाही. दर महिन्याला येईलच अशी खात्री नाही त्याला मी पगार म्हणत नाही. मानधनाला महागाई भत्ता नसतो, वेतनश्रेणी नसते. सरांचा पगार वाढायला त्यांना थंडीत मैदानावर झोपावं लागत नाही.

तुमच्या संघटनेतल्या बायांना माझं एक सांगणं पटत नाही, तरी सांगते. मागणीपत्रात पहिल्या ओळीवर नेहमी मानधनवाढ असते. मी कलम ११ ला पहिल्या ओळीवर आणलं असतं. राज्यात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. वाढीचा आकडा म्हटला की अर्थखातं लगेच त्याने गुणतं आणि घाबरतं. पण तीन वर्षांच्या मुलाचा शिकण्याचा हक्क मागितला, की त्या मागणीत आईबाप येतात, ग्रामसभा येते. पगारासाठी तुमच्यामागे तुमचा नवरासुद्धा उभा राहीलच असं नाही, मुलाच्या शाळेसाठी अख्खी आळी येते. आणि मुलाला हक्क दिला की त्याला शिकवणारी बाई स्वयंसेविका ठेवता येत नाही. दुसरं, मुलं असतात त्या वेळात ट्रॅकर, सर्वेक्षण, बीएलओ यातलं काही तुमच्या अंगावर टाकायचं नाही, असं कायद्यातच हवं. आज तुम्हाला पगार दिला आणि कामं तीच ठेवली, तर पगारी ताई मोबाइल भरत बसेल, एवढाच फरक पडेल.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. डी.एड. करून, टीईटी देऊन लागलेल्या शिक्षकाशी दहावी झालेल्या सेविकेची बरोबरी कशी करता? आधी पात्रता, मग पगार.
— सांगली

गुरुजी, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे आणि ते लिहिल्याबद्दल माझ्याच मैत्रिणी माझ्यावर रुसतील. पंचवीस अंगणवाड्यांत मी अशाही पाहिल्यात की जिथे ताई नावाला आणि सगळं मदतनीस चालवते. अशा ताईला उद्या सरसकट शिक्षकाचा पगार लावला तर मुलांचं काही भलं होणार नाही.

पण ‘आधी पात्रता, मग पगार’ या क्रमाने जगात फारसं कुठे काही झालेलं नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने १९९८ साली चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत जागा ठेवली. शिकवणाऱ्याला पदवी आणि बालशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल असं सांगितलं, आणि पगार शाळेतल्या इतर शिक्षकांच्याच श्रेणीने. अट आणि पगार एकत्र आले. त्याच देशात अख्ख्या देशासाठी तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत बालवाडी देणारं विधेयक नोव्हेंबर २०२१ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि वरच्या सभागृहात पेंड खात पडलं. त्यातही शिकवणाऱ्यांच्या पगाराची तरतूद होतीच. पैशाशी घोडं अडायला देश गरीब असावा लागतो असं नाही.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात वाट आखून ठेवलेली आहे. तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा: बालवाडीची तीन वर्षं आणि तुमची पहिली-दुसरी. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका, तीही काम न सोडता. २०२३ पासून आपल्या राज्यात नव्या सेविकेला बारावीची अट आली. म्हणजे पात्रतेची बाजू हलतेय गुरुजी. टप्पा एक केला, अभ्यासक्रमाचा पूल बांधला, पण पुलाच्या एका टोकाला वेतन आणि दुसऱ्याला मानधन.

आता पात्रता म्हणजे काय, याबद्दल एक गोष्ट. माझ्या बीटमधली सर्वांत चांगली ताई सातवी शिकलेली होती. पाड्यावरची अंगणवाडी, मुलांची घरची बोली वारली. ती त्याच बोलीत गोष्ट सांगायची आणि दर गोष्टीत दोन-तीन मराठी शब्द पेरायची, ठरवून. तीन वर्षांत पोरं दोन्हीकडे सहज बोलायची. तिच्यानंतर बारावी झालेली, हुशार, मोबाइलमध्ये तरबेज अशी मुलगी आली. पुस्तकी मराठीत छान बोलायची. मी भेटीला गेले तर खोलीत चिडीचूप. मला वाटलं, काय शिस्त आहे! दोन महिन्यांनी गेले तरी तेच. मग कळलं, पोरांना तिचं बोलणंच समजत नव्हतं. शेवटी मदतनीस बाईने तिला रोज आहार वाटताना चार-चार वारली शब्द शिकवले. डिसेंबरात खोलीत गोंगाट सुरू झाला आणि मी शेऱ्याच्या वहीत ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलं. हे बारावीच्या कुठल्या पेपरात येतं, सांगा.

तुम्ही बालशिक्षणातले, म्हणून आठवण करून देते. तारा­बाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, तेव्हा गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबादला गुरं राखणाऱ्या पोरांमागे त्या आणि अनुताई वाघ शाळा घेऊन रानात गेल्या, ती कुरणशाळा. आज देशभर चालणारं ‘अंगणवाडी’ हे नाव असं पालघरच्या त्या पट्ट्यात जन्मलं. १९९४ साली मी कोसबादची टेकडी चढून गेले होते. दोघीही तोवर हयात नव्हत्या. पण पानं, बिया, शंख यांच्यावर मोजणी शिकणारी मुलं पाहिली आणि परत येऊन माझ्या अंगणवाडीतला घासून गुळगुळीत झालेला अंकांचा तक्ता मी उतरवून ठेवला. पुढच्या भेटीत माझ्या मुख्यसेविकेने ‘तक्ता आढळला नाही’ असा शेरा दिला, ते सोडा.

प्रश्न : आमच्या वस्तीवर सहा वर्षांच्या आतली ४३ मुलं आहेत. अंगणवाडी गावठाणात, मध्ये ओढा. पावसाळ्यात चार महिने कुणी जात नाही. अर्ज केला तर ‘निकषात बसत नाही’ म्हणतात. — ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

दादा, कोणता निकष, ते लेखी मागा. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे, अन्नाच्या हक्काच्या खटल्यातला. गावातल्या किंवा झोपडपट्टीतल्या वस्तीत सहाच्या आतली किमान चाळीस मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यायची. ‘मागेल त्याला अंगणवाडी’ ती हीच.

मुलांची यादी करा: नाव, जन्मतारीख, आईचं नाव. ४३ आहेत म्हणता, पण कामावर गेलेल्यांची, माहेरी बाळंतपणाला आलेल्यांची वेगळी लिहा, नाहीतर पडताळणीला आलेली बाई मोजेल आणि अडतीस म्हणेल. मी स्वतः अशा पडताळण्या केल्यात, सुगीच्या दिवसांत वस्ती रिकामी असते. ग्रामसभेचा ठराव जोडा आणि त्यात ओढ्याचा उल्लेख करा, फोटो पावसाळ्यातला लावा. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे, पोच शिक्क्यासह. त्या पोचेची तारीख हेच तुमचं हत्यार, तीन महिने तिथून मोजायचे. जागा नाही हे कारण ऐकून घेऊ नका. समाजमंदिर, एखादी पडवी, काहीही चालतं, मी पहिली सहा वर्षं एका घराच्या ओसरीवर अंगणवाडी चालवली.

प्रश्न : आई २४ वर्षं मदतनीस होती. डिसेंबर २०२४ मध्ये सेवा संपली, शेवटचं मानधन ७,५०० होतं. ग्रॅच्युइटी किती बसेल?
— एक वाचक, लातूर

शेवटच्या महिन्याची रक्कम गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. तुमच्या आईची १,०३,८४६ रुपये होते. पाच वर्षांच्या वर सलग सेवा झालेली आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. सेवासमाप्तीचा एकरकमी लाभ वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी. ‘तो मिळाला की, आता कसली?’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ती आपोआप खात्यात येत नाही. आईच्या सहीने प्रकल्प कार्यालयात अर्ज द्या, नेमणुकीचा आदेश आणि सेवा संपल्याचं पत्र जोडा. दाद लागली नाही तर ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणारा अधिकारी कामगार खात्यात असतो, त्याच्याकडे जा. नेमणुकीचा आदेश हरवला असेल, चोवीस वर्षांत उंदीर पडतातच, तर जुन्या मानधनाचं बँक पासबुक शोधा. तेही नसेल तर आईच्या काळच्या ताईकडे हजेरीपत्रकं असतील. आमच्यातल्या बऱ्याच जणी ती टाकून देत नाहीत.